जिन्यातला थांबा

१९ जानेवारी

वहिनी,

फोनवर तू "हो", "नाही" आणि "जेवले" एवढंच बोलतेस. काल मी "आईचा गुडघा सुजलाय" म्हटलं, तर त्यावरही तू "जेवले" म्हणालीस. म्हणून आजपासून फोन बंद, पत्र सुरू. पत्रात निदान पान तरी भरावं लागतं.

तू पुन्हा कामावर जायला लागलीस हे आईला तुझ्या शेजारणीकडून कळलं. माझ्याकडून कळलं असतं तर मी जरा साखर लावून सांगितलं असतं. दुपारभर ती भांडी आपटत होती. मग म्हणाली, "तो जाऊन दोन महिने नाही झाले, आणि ही नाचायला लागली?" मी म्हटलं, आई, नाचणं ही तिची नोकरी आहे. दादा गेल्यावर मीही आठवड्याभरात हॉस्पिटलात गेलेच की, लोकांच्या छातीला ईसीजीच्या वायरी लावायला. त्यावर म्हणाली, "वायरी लावणं वेगळं."

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मलाही खटकलंय. ज्या नाटकात तुम्ही दोघं नवरा-बायको होतात त्याच नाटकात, त्याच जागी, दुसऱ्या कुणाबरोबर उभं राहणं तुला जमतं कसं? चिडू नकोस. मला खरंच समजून घ्यायचंय. आणि ते नाटक म्हणजे नक्की काय, तेही एकदा नीट सांग. दादा सांगायला लागला की मी विचारायचे, "खुर्च्या नाहीत, पडदा नाही, मग लोक बसतात कुठे?" आणि तिथेच आमचं भांडण सुरू व्हायचं. पुढचं कधी ऐकलंच नाही.

उंटावरून शेळ्या हाकणारी,
तुझी नणंद

२८ जानेवारी

प्रिय नणंदबाई,

लोक बसत नाहीत. उभे राहतात, फिरतात.

आमची जागा म्हणजे एक बंद पडलेलं कापडाचं दुकान, चार मजल्यांचं. फळ्या, काउंटर, ट्रायल रूम, आरसे सगळं होतं तसं आहे. प्रेक्षक आत आले की त्यांच्या गळ्यात शिंप्याची मोजपट्टी घालतात. पट्टी असेल तो प्रेक्षक, नसेल तो आमच्यातला. त्यांनी बोलायचं नाही, आम्हाला हात लावायचा नाही. बाकी कुठेही फिरावं, कुणाच्याही मागे जावं. तळघरात शिंपी मशिनांवर चढून नाचतात, ट्रायल रूममध्ये एक जण आरशाशी भांडत असतो. आम्ही दोघं दुकानाचे मालक-मालकीण. तासाभराची गोष्ट. संपली की सगळं जागच्या जागी लावायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. एका संध्याकाळी अशा तीन फेऱ्या.

आमच्या फेरीच्या शेवटी तुझा दादा कापडाचं ठाण खांद्यावर घेऊन जिना चढून यायचा. मी वर, जिन्याकडे पाठ करून उभी. त्याने खांद्यावर हात ठेवला की मी वळायचं. मग कापड कापायच्या मोठ्या टेबलावर आमचा शेवटचा नाच.

कसं जमतं, विचारलंस. काही जमवावं लागत नाही. मला काही वाटतच नाही. वाईट नाही, बरंही नाही. बसून बसून पाय बधिर होतो, आणि आपणच बोट लावलं तरी दुसऱ्या कुणाचा तरी पाय वाटतो ना, तसं सगळं अंग आहे. घरी थांबले तर थांबूनच राहते. परवा बादली भरून वाहत होती आणि मी बघत होते. पाणी बाहेरच्या खोलीत गेलं तेव्हा उठले. दुकानात निदान पुढची हालचाल ठरलेली असते.

आईंना म्हणावं, त्या म्हणतात ते बरोबर असेल. मला त्यावर काही म्हणायचं नाही. तो न्हाव्याच्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता आणि केस कापून पुरे होईपर्यंत न्हाव्याला कळलं नाही. मी गेले तेव्हा कटिंग छान झालं होतं. मी तेवढंच बघत होते.

त्याच्या जागी एक तरुण आलाय. आम्ही सगळे त्याला बदली म्हणतो, तोही ओ देतो. सगळं काम तो रेकॉर्डिंग बघून शिकला. आमच्या दिग्दर्शक बाईंनी पहिल्यापासून जिन्यात आणि टेबलावर कॅमेरे लावून प्रयोग टिपून ठेवले होते. बदली इतका मन लावून शिकलाय की विचारू नकोस. एका प्रयोगात तुझ्या दादाच्या बुटाची लेस सुटली होती. तर हा रोज त्या जागी येऊन घट्ट बांधलेली लेस सोडतो आणि पुन्हा बांधतो. मी म्हटलं, अरे, ती चुकून सुटली होती. तो म्हणाला, "मला वाटलं, त्यात काही अर्थ असेल."

जेवले.

वहिनी

६ फेब्रुवारी

वहिनी,

लेसचं वाचून मी हॉस्पिटलात मोठ्याने हसले. टेबलावर झोपलेल्या आजोबांना वाटलं त्यांच्या ईसीजीतच काही विनोदी दिसलं. घरी आईला सांगितलं, तीही हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. पण हसली, हे लक्षात घे. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, तुमच्या बदलीला ती जरा जास्तच दिलेली दिसते.

बादलीचं मला आवडलं नाही. तू इकडे ये. माझ्या खोलीत एक पलंग मावतो, मोजून बघितलाय. नाचायचंच असेल तर गच्ची आहे. आई दोन दिवस फुगून बसेल आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या ताटात जास्तीचं वाढायला लागेल. तू तिला ओळखतेसच.

काहीही लिही, पण लिही.

नणंद

२० फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

तिकडे आत्ता नको. इथे एक काम आहे.

मी हल्ली बदलीला फार बघते. प्रयोगाआधी त्याच्याबरोबर चहा घेते. त्याला सांगून एकदा तो जिना नुसता माझ्यासाठी चढायला लावला. मी खाली उभी राहून बघितलं. मग पुन्हा चढायला लावला. त्याने कुरकुर केली नाही. "काही चुकतंय का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही, तू अगदी बरोबर करतोयस. मग घरी आले तरी तोच डोळ्यांसमोर होता.

पुढे काय लिहू कळत नाही. आईंच्या गुडघ्याला गरम पाण्याचा शेक दे.

वहिनी

१ मार्च

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. आईला दाखवलं नाही.

तुझं वय काय, तुझ्यापुढे आयुष्य किती, हे सगळं मला समजतं. मी काही जुन्या काळातली नणंद नाही. उद्या तू कुणाबरोबर संसार थाटलास तर लग्नात पहिल्या रांगेत मीच बसेन, आणि अहेर आणेन. पण वहिनी, जरा दम धर गं. माझ्या भावाचे कपडे अजून तुझ्याच कपाटात आहेत. आणि निवडून निवडून तो, जो दादासारखा चालतो, दादासारखा वळतो, दादाच्या लेसची गाठ मारतो? ते प्रेम तरी आहे का? की नुसती मनाची समजूत?

लिहून टाकलं. मनात ठेवून तुझ्याशी गोड बोलायला मला येत नाही.

नणंद

१२ मार्च

प्रिय नणंदबाई,

तुझं पत्र वाचून मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, आला नाही. तू समजलीस तसं काही नाही. माझंच चुकलं, अर्धवट लिहिलं. आता सगळं लिहिते.

गेल्या महिन्यात माझा घोटा जरासा मुरगळला. एक संध्याकाळ दुसरी मुलगी माझ्या जागी उभी राहिली, आणि बाई म्हणाल्या, घरी कशाला जातेस, गळ्यात मोजपट्टी घालून फीर. दोन वर्षं या नाटकात आहे, पण प्रेक्षक म्हणून कधी फिरले नव्हते. मी बदलीच्या मागे मागे गेले. फेरीच्या शेवटी तो ठाण खांद्यावर घेऊन जिना चढायला लागला आणि वळणावर थांबला. ठाण कठड्याला टेकवलं. दुसरा हात जबड्याखाली नेला, दाढ दुखावी तसा दाबून धरला. तोंड थोडं उघडं. वर बघितलं. पुन्हा ठाण उचललं आणि हळूहळू वर गेला.

आजूबाजूला पट्टीवाल्यांची ही गर्दी. सगळे श्वास रोखून बघत होते. एक बाई डोळे पुसत होती.

ते मी कधीच बघितलं नव्हतं. माझी पाठ असते ना. तालमीत तो दोन-दोन पायऱ्या एकदम चढून यायचा, इतका की बाई ओरडायच्या, "अरे, मालक आहेस तू, चोर नाहीस." प्रयोग सुरू झाल्यावर कधीतरी हात उशिरा यायला लागला. मला वाटलं, बाईंनी सांगितलं असेल. बाईंना वाटलं, त्याला सुचलं असेल. पेपरात कुणीतरी लिहिलं, "त्या थांबण्यात अख्खं लग्न आहे." ते कात्रण बाईंनी दाराशी चिकटवलंय.

मी सगळी रेकॉर्डिंग काढून बघितली. लेस एकाच दिवशी सुटली होती. जिन्यातला थांबा मात्र सगळीकडे आहे. सुरुवातीच्या प्रयोगांत नाही, मग थोडासा, मग मोठा होत गेलेला. म्हणून मी बदलीला पुन्हा पुन्हा चढायला लावलं.

तुझं रोजचं काम हेच आहे म्हणून तुला विचारते. तो तिथे काय करत होता?

वहिनी

२५ मार्च

वहिनी,

आधी माफी. माझ्या जिभेला हाड नाही, पेनालाही नाही.

उत्तर लिहायला इतके दिवस लागले, त्यावरूनच तू ओळखलं असशील. हो. तेच आहे, हृदयाचं. जिना चढताना, ओझं घेऊन, जबड्यात दुखतं. थांबलं की कमी होतं. माझ्याकडे येणारे कितीतरी जण सांगतात, "छातीत काही नाही हो, दाढ दुखते." मी वायरी लावते आणि ईसीजीच्या कागदाची पट्टी बाहेर यायला लागली की काही बोलत नाही, डॉक्टरांना हाक मारते.

त्याने मला कधी सांगितलं नाही. तुलाही नाही. दादाला नाचताना कुणी बघितलं तर तो आनंदी असायचा, दुखताना कुणी बघितलेलं त्याला चालायचं नाही. लहानपणी हात मोडला तरी दोन दिवस शर्टाच्या बाहीत लपवून हिंडत होता. त्याने आपल्याला दिसू दिलं नाही, आणि तुझी तर तिथे पाठच ठरवलेली होती. हे तू नीट वाच, आणि पुन्हा वाच.

आईला सांगितलेलं नाही.

नणंद

२ एप्रिल

प्रिय नणंदबाई,

पुन्हा वाचलं. तू म्हणतेस ते मला कळतं. नुसतं कळतं.

आता अडचण अशी आहे. बाईंना तो थांबा आणखी लांबवायचाय. प्रेक्षकांना फार आवडतो म्हणून पुढच्या महिन्यापासून तिथे ढोलक्याचा एक मंद ठोका घालायचाय, छातीत वाजल्यासारखा. त्यांना काही माहीत नाही. कुणालाच नाही. बदली घरी आरशासमोर जबड्यावरचा हात घोटतो. परवा मला म्हणाला, "सरांनी हे किती विचार करून बसवलं असेल."

मी सांगितलं तर ते काढून टाकतील. मग त्या नाटकात तुझ्या दादाचं काही उरणार नाही. पावलं बाईंची आहेत, कपडे दुकानाचे आहेत. हे एकच त्याचं स्वतःचं. आणि नाही सांगितलं तर रोज तीनदा माझ्या पाठीमागे त्याला दुखतं, लोक गोल करून बघतात आणि मी भिंतीकडे तोंड करून त्याच्या हाताची वाट बघते. आता तर मला माहीत असतं, खाली काय चाललंय ते. तरी मी उभी राहते. तरी काही होत नाही. हात येतो, मी वळते, नाचते, टाळ्या नसतातच आमच्यात, चेहरा धुते, घरी येते.

तू त्याची बहीण आहेस. ठेवू की काढू, तू सांग.

वहिनी

९ एप्रिल

वहिनी,

मी बघितल्याशिवाय काही सांगणार नाही. मी बघेपर्यंत कुणाला काही बोलू नकोस, आणि काही काढूही नकोस. ढोलकं मात्र वाजू देऊ नकोस. पाय दुखतोय सांग, ताप आलाय सांग, काहीही कर.

कधी येणार ते कळवत नाही. मी येणार हे तुला माहीत असलं तर तू माझ्यासाठी नाचशील. मला तू रोज जशी उभी राहतेस तशीच बघायचीय.

नणंद

२४ एप्रिल

वहिनी,

आतापर्यंत तुला कळलं असेलच, ती खुळी बाई कोण होती.

शपथेवर सांगते, नुसतं बघायला आले होते. तिकीट काढलं, गळ्यात पट्टी घातली, पर्स त्यांनी ठेवून घेतली. पहिल्या फेरीत मी जिन्याच्या तळाशी उभी राहिले आणि बघितलं. तू लिहिलंस तसंच होतं. पेशंट बघावा तसं बघितलं. अगदी शांतपणे मनात म्हटलं, हो, हेच, हा हात असाच जातो. दुसऱ्या फेरीत मुद्दाम तळघरात जाऊन शिंप्यांचा नाच बघत बसले. फार छान नाचतात गं. दादा उगीच नव्हता भांडत माझ्याशी.

तिसऱ्या फेरीत मी जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहिले. तो आला, थांबला, ठाण टेकवलं, हात वर गेला. माझ्या दोन्ही बाजूंना लोक. कुणी हलेना. इतकी माणसं उभी आहेत आणि एकाच्याही तोंडून "काय होतंय?" निघत नाही! मला माहीत होतं तो दादा नाही, हे नाटक आहे, त्या पोराला काही झालेलं नाही. पण मी पुढे झाले आणि त्याच्या खांद्यावरचं ठाण काढून घेतलं. म्हटलं, "बसा. आधी खाली बसा. वर जायची काही घाई नाही." हॉस्पिटलात म्हणते तसंच, त्याच आवाजात. तो बिचारा बसला. मी शेजारी बसले आणि मनगट धरलं. नाडी घोड्यासारखी, ठणठणीत. तो कुजबुजला, "ताई, मी बरा आहे." मी म्हटलं, "माहितीये." तरी सोडवेना.

मग प्रेक्षकांवर लक्ष ठेवणारी तुमची ती काळ्या कपड्यांतली माणसं आली. गळ्यातली पट्टी काढून घेतली, पर्स दिली आणि मागच्या दाराने बाहेर सोडलं. सभ्यपणे, हं. वर तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. सरळ बस पकडली. तुझा प्रयोग मोडला, तुझी नोकरी जाते की काय या भीतीने घास उतरत नाही.

आणि तू विचारलं होतंस त्याचं उत्तर मला अजूनही देता येत नाही. बघून तर आले. हात दाखवून अवलक्षण झालं नुसतं.

नणंद

३ मे

प्रिय नणंदबाई,

नोकरी शाबूत आहे. जेव.

आता माझ्या बाजूचं ऐक. मी वर उभी होते. खालून कुणीतरी बोलल्याचा आवाज आला. त्या दुकानात प्रयोग चालू असताना कुणी बोलत नाही, म्हणून आधी मला वाटलं, भास झाला. मग "बसा" ऐकू आलं. हात येईना. वाट पाहिली, तरी येईना. हात आल्याशिवाय वळायचं नाही हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की आग लागली असती तरी मी वळले नसते. पण मी वळले. खाली वळणावर दोन माणसं पायरीवर बसली होती. एकीने दुसऱ्याचं मनगट धरलं होतं. तुझा चेहरा दिसला नाही, भांग दिसला. तरी ओळखलं.

मला कुणी मारलं असतं तर जसं लागलं असतं तसं लागलं. इतक्या संध्याकाळी इतक्या लोकांनी त्याला तिथे बघितलं. बसवलं कुणी नाही. तू बसवलंस, तो तिथे नसताना. मला तुझा हेवा वाटला. खूप वाटला. आणि तेव्हा लक्षात आलं की मला काहीतरी वाटतंय.

मी खाली येईपर्यंत तुला बाहेर नेलं होतं. फेरी तिथेच थांबवली. मी बाईंना आणि बदलीला ट्रायल रूममध्ये नेलं, पडदा ओढला आणि सगळं सांगितलं. बाईंनी पडदा सारला. मग दाराशी गेल्या आणि पेपरातलं कात्रण नखाने खरवडून काढलं. परत येऊन म्हणाल्या, "काढून टाका." बदली रडवेला झाला होता. म्हणाला, "मी रोज करत होतो हो ते. मला काय माहीत." मी म्हटलं, कुणालाच माहीत नव्हतं. मग त्याने विचारलं, "तिथे आता काय करू?" मी म्हटलं, काही करू नकोस. सरळ वर ये.

ठेवू की काढू, तुला विचारलं होतं. तू म्हणतेस उत्तर देता येत नाही, पण ते तू जिन्यातच देऊन गेलीस.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बदलीची पावलं जिन्यात वाजली. वळणाशी आली, आणि थांबली नाहीत. मी अजून वाट बघायला सुरुवातही केली नव्हती आणि खांद्यावर हात आला. इतक्या लवकर. सुरुवातीला यायचा तसा.

मी वळले आणि मला नाचता आलं नाही. मी खाली बसले आणि रडले. तोंडावर हात न धरता, मोठ्याने, आवाज चार मजले जाईल इतकी. पट्टीवाले भोवती गोळा झाले आणि श्वास रोखून बघत राहिले. बदली माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला. त्याने माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "हे रोज ठेवायचं का?"

मी म्हटलं, "नाही रे."

रविवारी येते. पलंग लावून ठेव. आईंना जिन्याचं काही सांगू नकोस, मी त्यांच्याजवळ बसून सांगेन.

तुझी,
वहिनी